फॅमिली गाडीचा मागचा अर्धा भाग कोण बघणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात गाड्यांचं पान येतं ते आमच्या घरी सगळे वाचतात, आमचे हे तर कात्रणं काढून ठेवतात, कारण सध्या आमच्याकडे गाडी बदलायचं चाललंय. मागच्या काही महिन्यांत छोट्या एसयूव्ही, म्हणजे त्या क्रॉसओव्हर टाइपच्या गाड्यांवर तुम्ही बरंच छापलंत. स्क्रीन किती इंची, सनरूफ केवढं, पिकअप कसा, टर्बो कधी लागतो, स्टेअरिंग हलकं की जड, सगळं आलं. पण एक गोष्ट मला सारखी खटकत राहिली म्हणून हे पत्र. हे सगळं लिहिणारा माणूस ड्रायव्हरच्या सीटवर बसून लिहितो. आणि गाडीला फॅमिली कार म्हणतो. अहो पण फॅमिली बसते कुठे? आमच्याकडे पुढे हे आणि अण्णा (माझे सासरे), मागे आई (माझ्या सासूबाई), मध्ये मी आणि पलीकडे आमची धाकटी मुलगी तिच्या लहान मुलांच्या सीटमध्ये. पाचातले तिघं मागे. डिकीतलं सगळं सामानही मागेच. म्हणजे फॅमिली गाडीतली फॅमिली मागच्या अर्ध्या भागात असते आणि त्याच अर्ध्या भागाकडे ना सरकार बघतं ना शोरूमवाले ना पेपरवाले, असं मला मनापासून वाटतं.

हे नाशिकच्या माणसाने बोलायलाच पाहिजे असंही वाटतं. कारण या गाड्या आपल्या गावात बनतात. सातपूरच्या महिंद्राच्या कारखान्यातून बोलेरो निघाली, २००२ साली स्कॉर्पिओ निघाली, रेनोबरोबरची लोगन २००७ ला इथलीच, झायलो इथली, मराझो इथली, मग २०१९ ला एक्सयूव्ही ३००, आणि २०२४ पासून तिचीच नवी आवृत्ती एक्सयूव्ही ३एक्सओ. सातपूर-अंबडमध्ये घरटी एक माणूस तरी या ना त्या गाडीच्या कुठल्यातरी पार्टला हात लावून आलेला असतो. आमचे हे अंबडला एका छोट्या युनिटमध्ये जिग-फिक्स्चरच्या कामात आहेत, म्हणजे पत्रे वेल्ड होताना जागच्या जागी धरून ठेवणारी जी चौकट असते ना, ती. त्यामुळे आमच्या घरात गाडीवरचं बोलणं रंगापासून सुरू होत नाही, पत्र्यापासून सुरू होतं.

आधी या गाड्यांचं जे चांगलं आहे ते सांगते, कारण मला त्या आवडतात. जुनी बोलेरो किंवा स्कॉर्पिओ म्हणजे खाली शिडीसारखी लोखंडी चेसिस आणि तिच्यावर वेगळी बॉडी बसवलेली. दणकट, पण चढायला उंच, आणि मागे बसलेल्याला प्रत्येक खड्डा कळतो. क्रॉसओव्हरमध्ये बॉडी आणि चेसिस असं वेगळं काही नसतं, सगळं मिळून एकच पिंजरा वेल्ड केलेला असतो, इंजिन पुढे आडवं, ओढ पुढच्या चाकांना, त्यामुळे मागे खाली अवजड काही नसतं, पायाशी जागा मिळते, आणि तरी सीट साध्या हॅचबॅकपेक्षा उंच. ही सीटची उंची म्हणजे काय ते आमच्या आईंना विचारा. त्यांचे गुडघे गेलेत, आत्ताच्या गाडीत बसताना त्यांना आधी खाली वाकून मग धपकन बसावं लागतं आणि उतरताना दोघांनी हात द्यावा लागतो. क्रॉसओव्हरचं मागचं दार उघडलं की सीट बरोबर त्यांच्या कमरेच्या लेव्हलला येते, आडवं बसायचं आणि पाय आत घ्यायचे, झालं. ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या तळापर्यंतची उंची, २०१ मिलिमीटर असं लिहिलं की सगळ्यांना खडकाळ रस्ते आठवतात, पण घरात म्हातारं माणूस असेल तर उंच गाडीचा पहिला फायदा दाराशीच कळतो. हे कुठल्याच पानावर मी वाचलं नाही.

आता मुद्द्याचं. एक्सयूव्ही ३०० मुळात कोरियातल्या साँगयाँग कंपनीच्या टिव्होली गाडीवरून बनवली. साँगयाँग तेव्हा महिंद्राकडे होती, टिव्होली २०१५ ला तिकडे आली आणि तिची लांबी जवळपास ४.२ मीटर. आपल्याकडे आणताना ती ३९९५ मिलिमीटर केली. दोन चाकांमधलं अंतर म्हणजे व्हीलबेस तिकडे २६०० आणि इकडेही २६००. मग वीस सेंटिमीटर गेले कुठून? हे म्हणाले सोपं आहे, इंजिनाची जागा, पुढचा अ‍ॅक्सल, डॅशबोर्डच्या मागची भिंत, सीटच्या जागा, यातलं काही हलवायचं म्हटलं की सगळीच गाडी नव्याने करावी लागते, म्हणून कापायचं तर मागच्या चाकाच्या मागे कापायचं. म्हणजे डिकी. टिव्होलीची डिकी चारशे लिटरच्या वर, आपल्याकडच्या एक्सयूव्ही ३०० ची कंपनीनेच दिलेली २५७ लिटर. अहो, यापेक्षा मोठी डिकी असलेल्या हॅचबॅक बाजारात आहेत.

आणि हे काही पहिल्यांदा झालेलं नाही. झायलो साडेचार मीटरची, तिचा मागचा भाग कापून २०१२ ला क्वांटो केली, चार मीटरच्या आत. लोगनची पुढे व्हेरिटो झाली, तिची डिकी ५१० लिटरची, तिच्यात लग्नाचं सामान जायचं, तीही कापून २०१३ ला व्हेरिटो व्हाइब आणली, लांबी ३९९१ आणि डिकी ३३०. मग २०१९ ला टिव्होलीची एक्सयूव्ही ३००. तीन वेगवेगळ्या गाड्या आणि तिघींचं शेपूटच गेलं. यात मी कंपनीला दोष देत नाहीये हे आधीच सांगते, कारण बाकीच्या कंपन्यांनीही हेच केलंय, आणि त्यांनी तरी काय करावं, नियमच तसा आहे.

तो नियम असा. २००६ च्या बजेटमध्ये छोट्या गाड्यांची एक्साइज २४ टक्क्यांवरून १६ केली आणि छोटी गाडी म्हणजे काय ते ठरवलं, लांबी ४००० मिलिमीटरपर्यंत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत. २०१७ ला जीएसटी आला तरी ही रेघ तशीच राहिली, फक्त टक्के बदलले. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तर या रेघेच्या आत १८ टक्के आणि बाहेर ४० टक्के. हिशोब करून बघा, कर सोडून आठ लाखांची गाडी असेल तर आत राहिली की कर १ लाख ४४ हजार आणि बाहेर गेली की ३ लाख २० हजार. म्हणजे पावणेदोन लाखांचा फरक, तोही एखादा बंपर जाड केला म्हणून पडू शकतो. आता सांगा कुठली कंपनी चार मीटरच्या बाहेर पाऊल टाकेल? ३एक्सओचं पेट्रोल इंजिन बाराशेच्या आत आणि डिझेल पंधराशेच्या आत, यामागेही हीच रेघ आहे.

हे नियमामुळेच होतं याचा पुरावाही आपल्याच गावात आहे. याच घरातली इलेक्ट्रिक गाडी, एक्सयूव्ही ४००, तीही नाशिकच्याच कारखान्यातली, तिची लांबी ४२०० मिलिमीटर. व्हीलबेस तोच २६००. डिकी ३७८ लिटर. का? कारण इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी सरसकट ५ टक्के, लांबी कितीही असू दे. रेघ पुसली तशी लगेच शेपूट परत आलं. तोच कारखाना, तेच कामगार, तोच पिंजरा. म्हणजे इंजिनिअरला मोठी डिकी करता येत नव्हती असं नाही, त्याला करू दिली नव्हती.

नवीन ३एक्सओच्या कागदावर डिकीचा आकडा ३६४ लिटर आहे, लांबी मात्र ३९९० म्हणजे पाच मिलिमीटर कमीच झालीये आणि व्हीलबेस तोच. आकडा २५७ वरून ३६४ झाला म्हणून लोक खूश होतात, पण डिकी मागच्या ट्रेपर्यंत (म्हणजे सीटमागे डिकीवर झाकणासारखी आडवी फळी असते तिथपर्यंत) मोजली तर एक आकडा येतो आणि छतापर्यंत मोजली तर दुसरा, हे तुमच्या पानावर कोणीतरी एकदा नीट समजावून सांगायला हवं, सगळ्याच कंपन्यांच्या गाड्यांसाठी. सामान छतापर्यंत रचलं तर मागची काच बंद होते आणि जोरात ब्रेक लागला की वरची पिशवी मागच्या माणसाच्या डोक्यात येते. फॅमिली डिकी भरते ती ट्रेपर्यंत.

आम्ही गाडी बघायला जाताना सोबत आईंचा वॉकर घेऊन गेलो. तो घडी होतो, पण घडी केला तरी आडवा लांब राहतो. आणि त्याच्याबरोबर एक मोठी बॅग आणि एक प्लास्टिकचा क्रेट, कारण माझं माहेर पारोळ्याचं, जाताना नाशिकची द्राक्षं आणि येताना तिकडून बाजरी, दादर ज्वारी, पापड-कुरडयांचे डबे हे ठरलेलं असतं. वेगवेगळ्या शोरूममध्ये फिरलो, कुठल्या कंपनीच्या ते लिहीत नाही. एका ठिकाणी सेल्सचा मुलगा आधी हसला, मग त्याला कळलं की आम्ही खरंच वॉकर डिकीत घालून बघणार आहोत. वॉकर आडवा ठेवला की बॅग उभी राहत नव्हती, बॅग आधी ठेवली की वॉकरचं एक चाक बाहेर, शेवटी मागची सीट अर्धी पाडून वॉकर आत सरकवला, ६०:४० वाली सीट होती म्हणून जमलं, पण मग मागे तिसऱ्या माणसाने बसायचं कुठे? आम्ही पाच जण. त्या मुलाने लगेच सनरूफ उघडून दाखवलं. खरं सांगते, तिथे उभं राहून मला वाईट वाटलं, त्या मुलाचं नाही, त्याला तेवढंच शिकवलं असणार, पण दहा-बारा लाखांची वस्तू घेताना घरातल्या सगळ्यात गरजू माणसाची वस्तू तिच्यात मावत नाही आणि त्याला उत्तर म्हणून आभाळ दाखवतात, याचं.

आता सुरक्षेचं. यात आपल्या नाशिकच्या गाडीचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवणार नाही. जानेवारी २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपने, म्हणजे गाड्या आपटून त्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने, एक्सयूव्ही ३०० ताशी ६४ किलोमीटर वेगाने आपटून बघितली आणि मोठ्यांसाठी ५ स्टार, मुलांसाठी ४ स्टार दिले. मुलांसाठी ४ स्टार ही तेव्हा आपल्याकडे फार मोठी गोष्ट होती. मग आपलं स्वतःचं भारत एनकॅप ऑक्टोबर २०२३ ला सुरू झालं आणि २०२४ मध्ये ३एक्सओने त्यात ५ स्टार मिळवले, मोठ्यांसाठी ३२ पैकी २९.३६ आणि मुलांसाठी ४९ पैकी ४३. हे मार्क पत्र्यातून येतात, वेल्डमधून येतात, टक्कर झाली की पुढचा भाग चुरगळून धक्का खाऊन टाकतो आणि बसायचा पिंजरा तसाच राहतो, त्यासाठी कुठे मऊ पोलाद आणि कुठे कडक पोलाद ते ठरवावं लागतं. ह्यांनी मला शोरूममध्ये दाराच्या मधल्या खांबावर अंगठा ठेवून दाखवलं, रबर जरा बाजूला केलं की स्पॉट वेल्डचे गोल गोल ठिपके ओळीने दिसतात, त्यातला एक ठिपका जरी हुकला तरी धक्का भलत्याच वाटेने जातो म्हणाले. असे हजारो ठिपके एका गाडीत. ही आपल्या कामगारांची कारागिरी आहे. तिच्यावर कोणी पान लिहीत नाही.

पण इथेही मागच्या सीटचा प्रश्न आहेच. मोठ्यांचे ते जे मार्क असतात ना, ते पुढच्या सीटवरच्या बाहुल्यांवरून देतात. समोरच्या टकरीत ड्रायव्हरची आणि शेजारची बाहुली मोजतात. मागे बसवतात त्या दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या मुलाच्या बाहुल्या, त्यांचे मार्क वेगळे. म्हणजे माझ्या धाकटीचे मार्क आहेत, ह्यांचे आहेत, अण्णांचे आहेत. मागे बसलेल्या सत्तरीच्या आईंचे आणि माझे मार्क कुठे आहेत? नाहीतच. ५ स्टार म्हणजे गाडीचा पिंजरा मजबूत आहे हे कळतं आणि त्याचा फायदा मागच्यांनाही होतोच, हे मला मान्य आहे, पण मागच्या मोठ्या माणसाच्या छातीवर बेल्टचा किती ताण आला हे कोणी मोजलेलं नसतं. भारत एनकॅप आपलं स्वतःचं आहे, तर पुढच्या वेळी नियम सुधारताना मागच्या सीटवर एक मोठी बाहुली बसवा, आणि ती बारीक चणीच्या बाईएवढी असू द्या, एवढी मागणी तुमच्यासारख्या पेपरने लावून धरली तर ती वर पोहोचेल.

बेल्टचा विषय निघालाच आहे तर. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्री यांचा अपघात झाला, ते मागे बसले होते आणि बेल्ट लावलेला नव्हता. चांगली महागडी मजबूत गाडी होती. तेव्हा महिनाभर सगळीकडे मागच्या बेल्टची चर्चा होती आणि मग विसरलो. आता आपल्या दारातून समृद्धी जातो, इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पाही जून २०२५ ला खुला झाला, तिथे गाड्या १२० ने जातात. सिन्नरहून वर चढलेल्या गाडीत मागे बघा, बायका पाय वर घेऊन बसलेल्या, मुलं दोन सीटच्या मध्ये उभी. मागे बेल्ट नसेल तर हजार रुपये दंड आहे आणि चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा लहान मुलांची सीट नसेल तरी आहे, पण दंडापेक्षा मला वाटतं गाडीनेच बोंब मारली पाहिजे. ३एक्सओमध्ये पाचही सीटला तीन ठिकाणी अडकणारा पूर्ण बेल्ट आणि सहा एअरबॅग अगदी खालच्या मॉडेलपासून दिल्यात, चारही चाकांना डिस्क ब्रेक, ईएससी (गाडी घसरायला लागली तर सावरणारी यंत्रणा), सगळं खालपासून. हे फार बरं केलं. कारण आधी काय व्हायचं, मध्ये बसणाऱ्याला नुसता कमरेचा पट्टा. आणि मध्ये कोण बसतं? घरातली बाई बसते. माझ्या वाट्याला आजवर सगळ्या गाड्यांमध्ये तीच जागा आलीये, पायाशी उंचवटा, पाठीला कडक, डोक्याला टेकायला काही नाही. त्यामुळे गाडी बघायला गेलं की मी आधी मध्ये बसते, बेल्ट ओढून लावून बघते आणि मान मागे टाकून बघते हेडरेस्ट आहे का.

आणि आयसोफिक्स, म्हणजे लहान मुलाची सीट गाडीत पक्की अडकवायची सोय. हा शब्द सगळ्या ब्रोशरमध्ये असतो पण दाखवा म्हटलं की शोरूममध्ये एकमेकांकडे बघतात. आम्ही धाकटीची सीट सोबत नेली होती. मागच्या सीटची पाठ आणि बैठक जिथे मिळते त्या फटीत हात घालायचा, आत दोन लोखंडी कड्या लागतात, काही गाड्यांत वर झिपची फट असते आणि काहींत नुसतं कापड दाबून शोधावं लागतं. लहान मुलाच्या सीटच्या दोन्ही दांड्या त्या कड्यांवर दाबल्या की टक टक असा आवाज येतो आणि खूण लाल होती ती हिरवी होते. मग वरचा पट्टा सीटच्या मागे नेऊन हुकात अडकवायचा, तो न अडकवता बरेच जण सोडून देतात. एवढं झालं की सीट हलत नाही, मी तिला धरून जोर लावला तर गाडीच हलली. पण एका गाडीत कड्या इतक्या आत की माझा हात पोहोचेना, बोटं सोलवटली. अशी गाडी बाईने रोज मुलीला बालवाडीत सोडताना वापरायची म्हटलं तर ती आठवड्यात कंटाळून सीट काढून ठेवेल. तुमच्या परीक्षण लिहिणाऱ्यांनी एकदा लहान मुलाची सीट बसवून बघावी आणि किती त्रास झाला ते लिहावं, मला ते शून्य ते शंभर किती सेकंदात यापेक्षा कितीतरी उपयोगाचं आहे.

फीचर मागच्या सीटपर्यंत उशिरा पोहोचतात हेही बघा. २०१९ च्या एक्सयूव्ही ३०० मध्ये पुढे ड्रायव्हर आणि शेजारी यांच्यासाठी दोन वेगळ्या तापमानांचा एसी मिळत होता, पण मागे एसीचे व्हेंटच नव्हते. ते आले २०२४ ला, ३एक्सओमध्ये. म्हणजे पुढच्या दोघांना डावं-उजवं वेगळं गार वारं आणि मागच्या तिघांना पाच वर्षं थांबा. मे महिन्यात चांदवड सोडून मालेगावकडे निघालं की मागे बसणाऱ्याला व्हेंट का लागतं ते कळतं. उशिरा का होईना आले, आनंद आहे. पण आपल्या हवेत आधी काय यायला पाहिजे होतं?

सनरूफबद्दल माझं मत ज्याला आवडतं त्याने घ्यावं, धाकटीला आवडतंच, पण मुलं त्यातून अर्धी बाहेर उभी राहतात ते बघून माझ्या पोटात गोळा येतो आणि ते विकताना कोणी दोन शब्द सांगत नाही. अ‍ॅडास, म्हणजे तो कॅमेरा आणि रडारवाला प्रकार, वरच्या मॉडेलमध्ये येतो, पुढची गाडी थांबली तर आपोआप ब्रेक मारतो, पट्ट्यातून गाडी सरकली की स्टेअरिंग सावरतो. समृद्धीवर रात्रीच्या वेळी तो कामाचा आहे, गंगापूर रोडच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षा आडवी आली की किती कामाचा ते मला माहीत नाही. माझं म्हणणं इतकंच की पैसे मोजके असतील तर आधी मागचे बेल्ट, हेडरेस्ट, व्हेंट आणि डिकी बघा, मग बाकीचं.

चार मीटरच्या नियमाबद्दल दुसरी बाजूही आहे आणि ती खोटी नाही. या नियमामुळे गाडी स्वस्त झाली, आमच्यासारख्यांना क्रॉसओव्हरचा विचार तरी करता येतोय, सातपूरला लाइन चालू राहिल्या, अंबडच्या युनिटना काम मिळालं, आमचंही घर त्यावर चालतं. छोटी गाडी पंचवटीच्या गल्लीत वळते, रविवार कारंजावर लागते, आमच्या सोसायटीत तर दोन पिलरमध्ये जेमतेम गाडी बसते. पण मला सांगा, ज्याला लहान गाडी हवीये तो लहान घेईलच की, तशा भरपूर आहेत. प्रश्न त्यांचा आहे ज्यांना इंजिन लहानच हवंय, पेट्रोल कमीच प्यायला हवंय, पण घरात माणसं पाच आहेत. वीस सेंटिमीटर लांब डिकी ठेवली म्हणून गाडी श्रीमंताची होत नाही. धूर किती आणि इंधन किती यावर कर लावा, मान्य आहे. इंजिनाच्या सीसीवर लावा, तेही समजू शकते. लांबीवर कशाला? लांबीवर कर म्हणजे सरळ सामानावर आणि मागच्या माणसावर कर झाला. निदान ४००० ची रेघ ४२०० वर तरी न्या, इलेक्ट्रिक गाडीला चालतं ते पेट्रोलच्या गाडीला का चालू नये. आपल्या भागातले खासदार हे मांडू शकतात, कारखाना आपल्या गावात आहे, आणि मोठी डिकी करायची म्हणजे नवीन काही शोधायचं नाहीये, ती करून दाखवलेलीच आहे.

तुमच्याकडून मला काय हवंय ते सांगते आणि थांबते. पुढच्या वेळी फॅमिली गाडीवर लिहायला कोणाला पाठवाल तेव्हा त्याच्याबरोबर अजून चार माणसं पाठवा, त्यात एक म्हातारं आणि एक लहान मूल असू दे. लिहिणाऱ्याला मागे मध्ये बसवा. नाशिक रोडवरून सिन्नरपर्यंत जा, घाट चढा, एका ढाब्यावर थांबून म्हाताऱ्या माणसाला उतरवा आणि परत बसवा, डिकीत खऱ्या बॅगा भरा आणि ट्रेपर्यंतच भरा. मग काय वाटलं ते छापा. आणि कुठल्या गाडीची डिकी ट्रेपर्यंत किती लिटर, मध्ये हेडरेस्ट आहे का, मागे व्हेंट आहे का, आयसोफिक्सच्या कड्यांपर्यंत हात सहज जातो का, हे सगळ्या कंपन्यांचं एका चौकटीत दिलंत तर आमचे हे ते कात्रण सगळ्यात आधी काढतील, आणि आमची गाडीही त्यावरूनच ठरेल.

आपली,
एक वाचक, पाथर्डी फाटा, नाशिक